दोन सेन्सर, एक स्प्रिंग: इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बॉडी उघडताना

(या भागाचं लिखित रूप. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.)

हुडकेश्वरहून बोलतोय. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या, उमरेड रोड काही फार लांब नाही.

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच गोष्टीवर आले. "दादा, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बॉडी खोलून दाखवा ना." "मॉडिफाय करता येते का?" "पिकअप वाढतो का?" आणि एकानं तर सरळ विचारलं, "लिंप मोड कायमचा बंद कसा करायचा?" आजचा भाग मुख्यतः त्या शेवटच्या प्रश्नासाठी आहे. पण उत्तर द्यायचं तर आधी डबा उघडावा लागेल. चला, उघडू.

केबल गेली, वायर आली

जुन्या गाडीत एक्सीलेटरच्या पेडलपासून इंजिनपर्यंत एक केबल जायची. तुम्ही पाय दाबला की केबल ओढली जायची आणि झडप उघडायची. हिशोब सरळ होता. पाय आणि इंजिन यांच्यामध्ये तिसरं कोणी नव्हतं.

१९८०च्या दशकाच्या शेवटी बीएमडब्ल्यूनं ७ सीरीजमध्ये ही केबल काढून टाकली. आज आपल्याकडच्या साध्यासुध्या पेट्रोल कारमध्येही केबल नसते. आता तुम्ही पेडल दाबता म्हणजे फक्त अर्ज करता. पेडलमधला सेन्सर ईसीयूला सांगतो, "मालकाला इतकं पाहिजे." ईसीयू बाकीचं सगळं बघतो. इंजिन किती गरम आहे, एसी चालू आहे का, चाक घसरतंय का. मग तो थ्रॉटल बॉडीतल्या मोटरला सांगतो, "इतकी उघड." क्रूझ कंट्रोल, ट्रॅक्शन कंट्रोल, ईएसपी हे सगळं सोपं झालं ते यामुळे.

पण केबल गेल्यावर एक प्रश्न उभा राहिला. केबल खोटं बोलत नव्हती. फार तर तुटायची, आणि तुटली की स्प्रिंग झडप बंद करायची. वायर मात्र खोटं बोलू शकते. सेन्सर झिजतो, कनेक्टरमध्ये पाणी जातं, उंदीर वायर कुरतडतो. मग ईसीयूनं विश्वास कोणावर ठेवायचा? त्या डब्यातली प्रत्येक वस्तू या प्रश्नाचं उत्तर म्हणून बसवलेली आहे. हे एकदा डोक्यात बसलं की खोलताना काय हलवायचं आणि काय नाही, ते आपोआप कळतं.

खोलायला बसू

पहिला नियम: चालत्या गाडीची थ्रॉटल बॉडी शिकायला वापरू नका. घाट रोडला, किंवा तुमच्या गावच्या भंगारवाल्याकडे, जुनी मिळते. मोटर गेलेली असली तरी चालेल. कनेक्टरसकट घ्या, म्हणजे वायरी जोडायला त्रास नाही.

दुसरा नियम: गाडीवरून काढायची असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. आणि इग्निशन चालू असताना झडपेत बोट कधीच घालू नका. छोटी मोटर आहे, पण मधल्या गिअरनी तिचा जोर वाढलेला असतो. बोट सापडलं तर ती सोडणार नाही.

हवेचा पाइप काढला, बोल्ट काढले की डबा हातात येतो. ॲल्युमिनियमचा गोल बोगदा आणि मधोमध पितळी किंवा ॲल्युमिनियमची पातळ चकती. हीच ती झडप. वीज नसताना ती उजेडासमोर धरून बघा. कडेनं चंद्रकोरीसारखी बारीक फट दिसेल. पोरं म्हणतात, "दादा, ही नीट बंद होत नाही, खराब आहे." नाही बापा, खराब नाही, मुद्दाम तशी ठेवली आहे! बोटानं हळूच बंद करा, ती परत किंचित उघडते. पूर्ण उघडा, ती परत त्याच फटीवर येते. दोन्ही बाजूंनी स्प्रिंग तिला एकाच जागेवर आणते. मोटर मेली, वायर तुटली, ईसीयू झोपला, तरी इंजिनला श्वास घेण्यापुरती हवा मिळते आणि गाडी रांगत रांगत रस्त्याच्या कडेला जाते. लिंप मोड म्हणतात तो हाच. लंगडत घरी नेणारा.

आता बाजूचं प्लास्टिकचं झाकण. काही ठिकाणी स्क्रू असतात, काही ठिकाणी पत्र्याच्या क्लिपा. झाकण ओढून तोडू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये सेन्सर झाकणातच बसवलेला असतो. आत काय दिसतं? एक डीसी मोटर. तिच्या टोकाला छोटा दातेरी गिअर. मध्ये एक नायलॉनचा गिअर. आणि झडपेच्या दांड्यावर अर्ध्या चंद्रासारखा मोठा गिअर. त्या मोठ्या गिअरवर जुन्या प्रकारात पोटेन्शिओमीटरचे बारीक ब्रश असतात, ते कार्बनच्या पट्टीवर घासतात. नव्या प्रकारात चुंबक असतं आणि समोर हॉल सेन्सर. चुंबकवाला घासत नाही, म्हणून झिजत नाही.

स्प्रिंग काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. ती किती पीळ देऊन बसवली आहे ते नुसतं बघून लक्षात राहत नाही. आणि झडपेचे दोन छोटे स्क्रू शक्यतो सोडवूच नका. कंपनीत त्यांची टोकं ठोकून फुलवलेली असतात, कारण तिथला स्क्रू ढिला झाला तर त्याला जायला एकच रस्ता आहे, इंजिनच्या आत.

मीटर लावून बघा

बऱ्याच थ्रॉटल बॉडींच्या कनेक्टरला ६ पिना असतात. २ मोटरच्या, १ पाच व्होल्टची, १ ग्राउंडची आणि २ सिग्नलच्या. मोटरच्या पिना मल्टिमीटरनं सापडतात, त्यांच्यात थोडेच ओहम दिसतात. सेन्सरला ५ व्होल्टच द्या. १२ दिलेत तर हॉल सेन्सर तिथल्या तिथे गेला समजा.

आता खरी गंमत. दोन्ही सिग्नलवर मीटर लावा आणि झडप हळूहळू फिरवा. अनेक मॉडेलमध्ये एक सिग्नल ०.५ व्होल्टपासून ४.५ कडे चढतो, तेव्हाच दुसरा ४.५ पासून ०.५ कडे उतरतो. कुठेही थांबा, दोघांची बेरीज साधारण ५. सगळ्याच गाड्यांत असं नसतं, काहींत दोन्ही चढतात पण वेगवेगळ्या उतारानं. तुमच्या मॉडेलचा तक्ता बघूनच ठरवा.

एकाच झडपेची जागा सांगायला दोन सेन्सर कशाला? कारण एकटा साक्षीदार चुकला तर कळणार कसं? दोघं असले की निदान त्यांचं जमत नाही एवढं तरी कळतं. आणि उलटे कशाला? समजा ग्राउंड खराब झालं आणि दोन्ही सिग्नल एकदम अर्धा व्होल्ट वर सरकले. दोघं एकाच दिशेनं चढणारे असते तर वाटलं असतं की झडप उघडली. पण उलटे असल्यामुळे बेरीज ६ येते आणि चोरी पकडली जाते. ० पासून ५ पर्यंत पूर्ण पट्टा का वापरत नाहीत, तेही बघा. बरोबर चालणारा सेन्सर कधीच ० किंवा ५ देत नाही. म्हणजे तिथे आकडा गेला की वायर तुटली किंवा कुठेतरी चिकटली.

पेडलमध्येही असेच दोन सेन्सर असतात. तिथे बऱ्याचदा दुसरा सिग्नल पहिल्याच्या निम्मा असतो. हे "निम्मा" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टेबलावरचा प्रयोग

हे तुम्ही घरी करू शकता. आर्डुइनो, बीटीएस७९६० मोटर ड्रायव्हर, जुन्या कॉम्प्युटरच्या सप्लायमधून १२ व्होल्ट आणि मध्ये फ्यूज. फ्यूज विसरू नका. झडप अडकली की मोटर भरपूर करंट ओढते. एल२९८चा स्वस्त ड्रायव्हर इथे तापतो, तो टाळा.

एक पोटेन्शिओमीटर पेडल म्हणून लावा. आर्डुइनो झडपेचा सिग्नल वाचेल, फरक काढेल आणि मोटरला तेवढा जोर देईल. सुरुवातीला झडप त्या फटीच्या जागेजवळ थरथरते. कारण तिथे स्प्रिंगचा जोर एकदम दिशा बदलतो, शिवाय दांड्याला घर्षण आहे. नुसत्या फरकाच्या पटीत जोर देऊन भागत नाही. मागची चूक साठवणारा भाग आणि वेगाला आवर घालणारा भागही लागतो. पीआयडी म्हणतात तो हाच. कॉलेजात बोर्डावर झोप आणणारा पीआयडी इथे टकटक आवाज करून स्वतःच शिकवतो.

झडप नीट चालायला लागली की पोरं व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवतात. मी म्हणतो, थांब, अजून निम्मंच झालं. आता दोन्ही सिग्नल वाच. आर्डुइनोत ०.५ व्होल्ट म्हणजे साधारण १०२, ४.५ म्हणजे ९२१. बेरीज १०२३ च्या आसपास राहिली पाहिजे. ती १० टक्क्यांहून जास्त हलली आणि १०० मिलिसेकंद तशीच राहिली, की मोटरची वीज बंद.

मग परीक्षा. झडप पूर्ण उघडी असताना सिग्नलची एक वायर उपट. टप्प! आवाज करून ती स्प्रिंगच्या जागेवर आली पाहिजे. बऱ्याच जणांची पहिल्यांदा येत नाही. कारण तुटलेली वायर आर्डुइनोला शून्य दाखवत नाही, हवेतला काहीतरी आकडा दाखवते. प्रत्येक सिग्नलपासून ग्राउंडला एक मोठा रेझिस्टर लावा, म्हणजे तुटलेली वायर शून्यावर येते आणि पकडली जाते.

१० टक्के आणि १०० मिलिसेकंद हे आकडे माझ्या मनातले नाहीत. इंजिनिअरिंगची पोरं फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी छोट्या रेस कार बनवतात. आपल्या देशात कोइम्बतूरला कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत होते. त्या धाटणीच्या नियमांत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल लावायला परवानगी आहे, पण अटी कडक आहेत. पेडलला दोन सेन्सर, झडपेला दोन सेन्सर, आणि झडप बंद करायला ताकदीचे किमान दोन मार्ग. त्यातला एक मोटर चालेल, पण दुसरी खरी स्प्रिंगच पाहिजे. सेन्सरमधली छोटी स्प्रिंग मोजत नाहीत. रेसच्या गाडीला, जिथे ड्रायव्हर हेल्मेट घालून बसलाय, तिथे ही अट आहे. आता आपल्या रस्त्यावर या.

दोन रेझिस्टरची गोष्ट

आपल्या भागात एक काका शाळेची व्हॅन चालवतात. ते आले ते वेगळीच तक्रार घेऊन.

म्हणाले, "भाऊ, पाय हलवला नाही तरी गाडी उडी मारते."

"कधीपासून, काका?"

"आधी मधातच झोपून जात होती. लाइट लागे, जोरच नाही. एका ठिकाणी दाखवली, त्यानं लाइट बंद करून दिला. झोपणं बंद झालं, पण आता उडी मारते."

स्कॅनर लावला. एकही कोड नाही. सगळं गोड. मग पेडलच्या वायरी बघितल्या. डॅशबोर्डखाली काळ्या टेपमध्ये गुंडाळलेले दोन सारखे रेझिस्टर. पेडलच्या दुसऱ्या सेन्सरची वायर कापलेली, आणि पहिल्याच सिग्नलचा निम्मा करून ईसीयूला दुसरा म्हणून पाठवलेला.

समजलं काय केलं ते? आधी ईसीयूला दोन साक्षीदारांचं जमत नव्हतं, म्हणून तो पी२१३८ सारखा कोड टाकून गाडी लंगडी करत होता. त्याचं बरोबर होतं. इलाज करणाऱ्यानं एका साक्षीदाराला घरी पाठवलं आणि दुसऱ्याचीच झेरॉक्स त्याच्या जागी उभी केली. आता दोघांचं मत कायम एकच. ईसीयू खूश, लाइट बंद. आणि नशीब बघा, राहिलेला पहिला सेन्सर हाच झिजलेला होता. कार्बनच्या पट्टीवर पाय सगळ्यात जास्त जिथे असतो, तिथेच घासलेली. पट्टी तुटक झाली की सिग्नल उसळायचा, झेरॉक्सही उसळायची, आणि ईसीयू म्हणायचा, काकांनी पाय दाबला वाटतं.

व्हॅन उभी राहते कुठे? शाळेच्या गेटसमोर. पुढे दप्तर पाठीवर घेतलेली पोरं.

काकांना मी दोन्ही सिग्नल मीटरवर दाखवले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ती झोपत होती तेच चांगलं होतं?"

हो काका, तेच चांगलं होतं.

पेडलचा नवीन सेट बसवला, वायरी मूळ जागी जोडल्या. महाग पडलं त्यांना. दोन रेझिस्टरची किंमत चहाच्या एका कटपेक्षा कमी, हे खरं आहे. म्हणूनच हा इलाज पसरतो.

जगात यावर काय झालं

२००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी झाल्या. पायाखालच्या मॅट आणि अडकणारी पेडलं यासाठी लाखो गाड्या परत बोलावल्या. पण इलेक्ट्रॉनिक्सचं काय, म्हणून सरकारनं नासाच्या इंजिनिअरांना बसवलं. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला. थ्रॉटल सताड उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. पण एका जुन्या पेडल सेन्सरमध्ये केसाहून बारीक कथलाचा तंतू उगवलेला सापडला, आणि त्यानं दोन सिग्नल एकमेकांना जोडले होते. म्हणजे दोन साक्षीदार एकमेकांच्या कानाला लागले होते! पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीनं २००७ च्या एका अपघातासाठी कंपनीला जबाबदार धरलं. तिथे वाद सॉफ्टवेअरवर झाला.

सांगायचं एवढंच, की दोन सिग्नल खरोखर वेगळे राहतात का, यावर प्रयोगशाळा आणि कोर्टं वर्षानुवर्षं डोकं लावतात. आणि आपण काळ्या टेपमध्ये ते हातानं जोडतो.

मग मॉडिफाय करायचं काय?

तीन गोष्टी लोक विचारतात.

एक, पिकअप वाढवणारा डबा, जो पेडलच्या वायरीत बसतो. तो ताकद वाढवत नाही. पाय ३० टक्के दाबला तर ईसीयूला ६० सांगतो, म्हणून गाडी चपळ वाटते. पूर्ण दाबलं की आधीही १०० होतं, आताही १००.

दोन, बोगदा मोठा करणं. ५० मिलिमीटरचा ५४ केला तर क्षेत्रफळ साधारण १७ टक्के वाढतं. पण इंजिनचा श्वास तिथेच अडकत असेल तरच फायदा. नाहीतर कमी उघडताना जास्त हवा जाते, आयडलिंग बिघडतं, आणि ईसीयू गोंधळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ अंश, वरून धूळ. खराब एअर फिल्टर बदलला तरी बऱ्याच गाड्यांना "पिकअप" परत मिळतो.

तीन, साफसफाई. ही जरूर करा. झडपेच्या कडेला कार्बनचा काळा थर बसतो. क्लीनर कापडावर मारा आणि पुसा, थेट दांड्यावर फवारू नका. पॉलिश पेपर अजिबात नको, आत कंपनीचा पातळ लेप असू शकतो. नंतर स्कॅनरनं थ्रॉटल ॲडाप्टेशन करा, कारण ईसीयूनं जुन्या घाणीसकट जागा पाठ केलेली असते.

आणि कायदाही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे रस्त्यावरच्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. टेबलावर मात्र कोणी अडवत नाही. तिथे हवं ते करा.

तर ज्या मित्रानं विचारलं होतं, "लिंप मोड कायमचा बंद कसा करायचा?", त्याला उत्तर. भाऊ, सेन्सर बदल, कनेक्टर साफ कर, वायर जोड. तो आपला आपण बंद होतो. बंद होत नसेल तर तो अजून काहीतरी सांगतोय. गाडीला शंका घेता येते म्हणून तुला निवांत बसता येतं. ती शंका काढून घेऊ नको.

या आठवड्याचं काम: भंगारातली एक थ्रॉटल बॉडी आणा, दोन्ही सिग्नल मोजा आणि झडपेच्या पाच जागांवर बेरीज लिहून मला पाठवा. बेरीज एखाद्या जागी घसरत असेल तर त्या जागेचा फोटोही पाठवा, पुढच्या भागात आपण तीच पट्टी उघडून बघू. आणि इग्निशन चालू असेल तर बोट बाहेर!

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा.